तीनशे डॉलर चोवीस सेंट

शबॉयगन, विस्कॉन्सिन
रविवार, ३ मार्च २०२४

प्रिय मार्सी,

तुझ्या सत्तरीची तीनशे डॉलरची भेट मला तीनशे डॉलर चोवीस सेंटांना पडली. वाचनालयात दोन पानं छापून घेतली त्याचे वीस सेंट वेगळे. या पाकिटाचं तिकीट मी धरत नाही. बहिणीला लिहायचं तर इतका हिशेब बरा नव्हे.

रक्कम फुटकळ आहे, पण हे वरचे चोवीस सेंट कुठल्या वाटेनं आले ते पाहून मी दोन दिवस नीट जेवलो नाही.

तुमच्या दोघांच्या जहाजाची तिकिटं मी काढली होती, म्हणून सहल संपल्यावर केबिनच्या खात्याचा कागद माझ्याकडे आला. त्या खात्यात मी आधीच तीनशे डॉलर भरून ठेवले होते. जहाजावर काय हवं ते घ्या आणि त्यातून वळतं करा, अशी ती जमा. उरली तर परत मिळत नाही. मी मुद्दाम तसलीच घेतली. तीन वर्षांपूर्वीच्या नाताळचा माझा शंभराचा चेक अजून तुझ्या ड्रॉवरमध्ये पिवळा पडतोय. म्हटलं, या वेळी बाईला साठवता येणार नाही. एकतर अंगावर खर्च कर, नाहीतर समुद्रात सोड.

आणि तू खर्च केलास! तुझं सत्तावीस तारखेचं पत्र मी शुक्रवारी नेहमीच्या मासळीच्या जेवणाला जमलेल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. तू लिहिलं होतंस, स्पात गरम दगडांनी तासभर पाठ शेकून घेतली, हाडं मेणासारखी झाली. वरच्या मजल्यावरच्या महागड्या हॉटेलात मांसाचा तुकडा सुरी लावायच्या आत सुटला. आमच्या टेबलावरची हॅरिएट तर म्हणाली, नॉर्बर्ट, मला दत्तक घे.

आता कागदावर काय आहे ते ऐक. दगड नाहीत. मांस नाही. कॅसिनो आहे. पंचवीस डॉलर, वर कंपनीचे पाऊण डॉलर कापून. असं एकदा नाही, अकरा वेळा. सोमवारी तीनदा, गुरुवारी चारदा, शनिवारी चारदा. सगळं एकाच कार्डावर: डी. टिपेट. आणि शेवटी एक फोटो, सोळा डॉलर नव्याण्णव. त्या फोटोनं जमा संपली आणि वरचे चोवीस सेंट माझ्या माथी आले.

डी. टिपेट म्हणजे तुझा डेल्मर. नोव्हेंबरात माझा मेहुणा होणार म्हणतात तोच. मी त्याला एकदाच भेटलोय, दीड तास. जेवला, रुमालाची घडी घातली, हवा बरी आहे म्हणाला. न बोलणाऱ्या माणसाशी माझं वाकडं नाही, पण तो मनात काय मोजतोय ते ऐकू येत नाही, आणि मला सगळं ऐकू आलेलं बरं वाटतं.

तुझा रे वारल्यावर, विधवा बाई म्हणून बँक तुला दारात उभी करेना, तेव्हा घराच्या कागदावर माझं नाव घातलं. आता तू घर विकून डेल्मरकडे राहायला जाणार, म्हणून माझी सही हवी. कागद टेबलावर आहेत. पेनही शेजारी आहे. पेनचं टोपण अजून लावलेलंच आहे.

एक्केचाळीस वर्षं मी नाण्यांवर चालणाऱ्या लाँड्र्या चालवल्या. तीन दुकानं, एकशे बारा मशीनं. नुसतं बोटानं टकटक केलं तरी पेटी किती भरलीय ते मी सांगायचो. कुठलंही मशीन माणसाला द्यायला बनवत नाहीत, घ्यायला बनवतात. मशीनसमोर बसून मूर्ख ठरेल असा क्लेंप आपल्या घरात अजून जन्मायचाय. पण टिपेट घराण्याबद्दल मी काय सांगणार.

ते दगड नक्की कुठे ठेवले होते गं?

तुझा,
नॉर्बी

—

ओकाला, फ्लोरिडा
शनिवार, ९ मार्च

नॉर्बी,

माणसं भेट देतात आणि विसरतात. तू भेट दिलीस आणि तिच्या मागे मागे तिचं काय झालं ते बघत हिंडलास.

दगडांचं म्हणशील तर स्पाचा हिशेब ते वेगळा ठेवतात. निदान आम्हाला तसंच सांगितलं. जेवणाचं माझ्या नीट लक्षात नाही, बहुतेक पैसे डेल्मरनं दिले. आणि कॅसिनोत तो थोडा वेळ बसला असेल, त्याला रंगीत दिवे आवडतात. सुट्टीवर होता तो. तू शुक्रवारी मासळीबरोबर दोन ग्लास बियर पितोस, त्याचा कागद मी मागवला का?

फोटोविषयी काही विचारू नकोस. ते जुलैत कळेल.

घराचं मात्र आता ताणू नकोस. मिशिगनचं जोडपं आहे, बाई शिक्षिका आहे, नवऱ्याला बागेचं वेड आहे. तीस एप्रिलपर्यंत थांबतो म्हणालेत. त्यापुढे ते दुसरं घर बघतील, आणि या गल्लीत विकायला काढलेली सहा घरं आहेत. मला इथं एकटीनं अजून एक वादळी उन्हाळा काढायचा नाहीये. एवढंच माझं मागणं आहे. पेनचं टोपण काढायला किती वेळ लागतो?

गुडघा कसा आहे? लिंबाचा मुरंबा पाठवलाय, पार्सल उलटं धरू नकोस.

मार्सी

—

शबॉयगन
शुक्रवार, १५ मार्च

प्रिय मार्सी,

मुरंबा पोचला. चांगला झालाय. थोडा सांडलाच, पण पोस्टाचा माणूस उलटं धरूनच आला होता, मी नाही.

मी जहाजाच्या कंपनीला फोन लावला. फोन धरायला लावून पंचवीस मिनिटं सॅक्सोफोन वाजवला त्यांनी माझ्या कानात. मग एक गोड आवाजाची मुलगी आली. मी म्हटलं, मुली, दगडांचा हिशेब तुम्ही वेगळा ठेवता का? तिला आधी वाटलं मी बांधकामाबद्दल विचारतोय. मग म्हणाली, नाही आजोबा, स्पा, फोटो, दारू, कॅसिनो, सगळं एकाच कागदावर येतं. त्या केबिनमधलं कुणी स्पात गेलेलंच नाही.

म्हणजे तू खोटं बोललीस. तू मला खोटं सांगितलंस याचं दुःख कमी, इतकं वाईट सांगितलंस याचं जास्त. लहानपणी यात तू माझ्यापेक्षा तरबेज होतीस. तुझ्याकडून कुणी जबरदस्तीनं लिहून घेत असेल, तेव्हाच असं होतं.

मी तो कागद पुन्हा काढला. प्रत्येक नोंदीपुढे वेळ छापलीय. सगळ्या नोंदी सकाळी सव्वा अकरा ते बारा यांमधल्या. रे हरायचा तेव्हा त्याला दिवस आहे की रात्र ते कळायचं नाही. हा माणूस घड्याळ लावून बसतो आणि घड्याळ लावून उठतो. दर वेळी पंचवीसच, ना तीस ना शंभर. एकतर हा हरतच नाहीये, नाहीतर हरण्याचा त्याला इतका सराव आहे की तो दात घासल्यासारखा हरतो. न हरणारा माणूस मी एक्केचाळीस वर्षांत पाहिला नाही, तेव्हा दुसरंच खरं.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. रे गेला, आता कुणाचं काही बिघडत नाही. शहाण्णव साली तो माझ्या एरी रस्त्यावरच्या दुकानात आला. म्हणाला, तुझ्या पेट्या रिकाम्या करायला मदत करतो. साबणाची पाच गॅलनची बादली भरून पाव डॉलरची नाणी घेऊन तो ग्रीन बेजवळच्या कॅसिनोत गेला. संध्याकाळी बादली परत आणून ठेवली, धुऊन, पुसून. आत काही नव्हतं. मी तुला सांगितलं, त्या आठवड्यात मशीनं बिघडली होती. म्हणून तुमच्या घरभाड्याला नेहमी द्यायचो त्यापेक्षा कमी दिले.

मी दुसऱ्यांदा ती बादली धुऊन आलेली बघणार नाही. डेल्मरला विचार: सोमवारी पहिले पंचवीस गेले तेव्हा दुसरे का घातले? आणि त्याच्या राहत्या घरावर कर्ज किती आहे? आणि फोनवर तुझा आवाज मध्येच तिरका होतो, तेव्हा शेजारी कोण बसलेलं असतं?

याची उत्तरं येईपर्यंत टोपण लावलेलंच राहील.

नॉर्बी

—

ओकाला
२२ मार्च

सही करू नकोस. मला तुझ्याकडून काही नको.

बादलीचं मला त्याच दिवशी कळलं होतं. ती धुतली मी होती.

मार्सेला

—

ओकाला, फ्लोरिडा
सोमवार, १ एप्रिल २०२४

श्री. क्लेंप यांस,

मी पत्र लिहितोय हे मार्सेलाला ठाऊक नाही. ती चर्चमध्ये केक विकायला गेली आहे, मला दीड तास आहे. तुमची पत्रं मी चोरून वाचलेली नाहीत. तिनं शेवटचं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी.

मी एकतीस वर्षं महामार्गावरच्या टोलनाक्यावर काम केलं. दिवसाला नऊशे गाड्या, हातात हात न लावता पैसे घ्यायचे, सुट्टे द्यायचे. पाळी संपली की गल्ला जुळला पाहिजे. एकतीस वर्षांत एकदा चार डॉलर कमी भरले, ते कुठे गेले हे अजून मला कळलेलं नाही. तुम्ही त्या कागदाकडे बघून जे ओळखलंत, ते तुमच्या जागी मीही ओळखलं असतं. पण तुम्ही दोन शक्यता लिहिल्या होत्या आणि चुकीची निवडलीत. मी हरत नव्हतो.

त्या मशीनवर केबिनचं कार्ड टेकवलं की खात्यातले पंचवीस डॉलर मशीनमध्ये येतात. चाळीस सेंटांचा एक डाव खेळायचा, म्हणजे कुणी हटकत नाही. मग परत घ्यायचं बटण दाबायचं. मशीन चिठ्ठी देतं. चिठ्ठी खिडकीवर दिली की रोख नोटा. परत न मिळणारी जमा अशी परत मिळते. जहाजावरच्या बऱ्याच म्हाताऱ्यांना हे येतं. मला नाश्त्याच्या टेबलावर एका निवृत्त सुईणीनं शिकवलं. थोडे थोडे काढले, कारण मोठी रक्कम घेऊन लगेच उठणाऱ्याकडे तिथली माणसं बघत राहतात, आणि कॅमेऱ्याखाली मी आयुष्यभर बसलोय, आता हौस नाही. सव्वा अकरा अशासाठी, की तेव्हा सगळे प्रश्नमंजूषेला जातात आणि खिडकीवर रांग नसते.

अकरा डावांत चार डॉलर चाळीस सेंट गेले. एकदा तीन कलिंगडं ओळीनं आली, सहा डॉलर मिळाले. मार्सेलाच्या हातात दोनशे शहात्तर डॉलर साठ सेंट ठेवले. वही माझ्याकडे आहे.

ते घराच्या विम्याला गेले. दोन वादळांनंतर तिचा हप्ता तिप्पट झाला, हे तिनं तुम्हाला सांगितलेलं नाही. एक मार्चला भरला नसता तर विमा तुटला असता आणि मिशिगनच्या लोकांच्या बँकेनं हात वर केले असते. पावणेतीनशे कमी पडत होते. मी देतो म्हटलं, तर म्हणाली, लग्नाआधी नाही. मी म्हटलं, मग भावाला सांग. तर म्हणाली, भाऊ देईल की. लगेच देईल. आणि मग पुढची वीस वर्षं दर शुक्रवारी मासळीबरोबर वाढेल. हे घर तुला खाईल, असं तुम्ही ते घेताना म्हणाला होतात म्हणे.

ती कॅसिनोत आली नाही. तिथं निळा गालिचा संपून लाल सुरू होतो. ती निळ्यावर उभी राहायची, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून. पहिल्या दिवशी मी नोटा घेऊन परत आलो तेव्हा तिनं माझ्या हातांकडे आधी पाहिलं, मग तोंडाकडे. रेबद्दल तिनं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. त्या तीन दिवसांत मी जितका सांभाळून चाललो तितका नाक्यावरही चाललो नसेन.

स्पाचे दगड आम्ही काचेतून पाहिले. माहितीचं पत्रक फुकट होतं, ते तिनं केबिनमध्ये नीट वाचलं. मांसाचा तुकडा म्हणाल तर शेजारच्या टेबलावर बोलत होते.

तुम्ही कर्जाचं विचारलंत. माझ्या घरावर कर्ज नाही. घर चाकांवर आहे, पण चाकं काढलेली आहेत.

विम्याच्या पावतीची प्रत सोबत आहे. सही करा किंवा करू नका. तिला तुम्ही लिहा मात्र.

आपला,
डेल्मर टिपेट

—

शबॉयगन
सोमवार, ८ एप्रिल

प्रिय मार्सी,

डेल्मरला रागावू नकोस, त्यानं मला पत्र लिहिलं. चार पानं. हा माणूस बोलत नाही कारण सगळं लिहायला राखून ठेवतो.

पावती पाहून गप्प बसलो असतो तर मी क्लेंप कसला. पावती कुणीही बनवतं. मी विमा कंपनीला फोन लावला, म्हटलं, घराच्या कागदावर माझंही नाव आहे, मला माहिती द्या. तिथल्या मुलीनं सगळं बिनचूक सांगितलं. एक मार्च, हप्ता पूर्ण भरला, काही भाग रोख. वर म्हणाली, साहेब, हप्ता वाढल्याचं पत्र आम्ही तुम्हालाही तीन वेळा पाठवलंय.

मी म्हटलं, शक्य नाही. माझ्याकडे आलेलं पत्र मी वाचत नाही असं होत नाही.

मग तळघरात गेलो. टोमॅटोच्या रोपांचे ट्रे मांडलेत, त्यांच्याखाली कागद घातलेत. फ्लोरिडाचं काही आलं की मी जाहिरात समजून तिकडे टाकतो. तिन्ही पाकिटं तिथं होती, बंद, ओली. एकाच्या कोपऱ्यावर लाल अक्षरांत ‘तातडीचे’. त्याच्यावर चेरी टोमॅटोची रोपं छान आलीत.

ते एक. दुसरं तुला सांगायलाच हवं.

माझ्या प्रत्येक दुकानात नोटा मोडून नाणी देणारं मशीन होतं, आठवतंय? कपडे न धुताच नाणी न्यायला लोक यायचे. पलीकडच्या पेट्रोल पंपावरची पोरं, बसला सुट्टे हवेत म्हणून बायका. मला त्याचा इतका संताप यायचा की मी पाटी लावली: ‘फक्त धुणाऱ्यांसाठी’. कित्येक शनिवार मी त्या पाटीखाली खुर्ची टाकून बसलो. कोण टोपली आणतंय, कोण नुसता हात हलवत येतंय. एक्केचाळीस वर्षांत एकदाही मनात आलं नाही, की बाबा रे, याला मोड कशाला हवी असेल? तुझे अकरा पंचवीस बघून मला ते मशीन आठवायला हवं होतं. जगात ते आठवायचा हक्क असलेला मीच होतो.

आणि बादली. म्हणजे ती तू धुतलीस. आपण दोघं सत्तावीस वर्षं एकमेकांपासून एकच बादली लपवत होतो.

कागदावर सही केली. नोंदणीकृत टपालानं निघालेत, शनिवारपर्यंत पोचतील. पाकीट डेल्मरला उघडू दे, त्याचा गल्ला जुळू दे.

आता एक विचारतो. पावणेतीनशे डॉलर मागायला मी इतका वाईट आहे का? याचं उत्तर देऊ नकोस. मी शुक्रवारी मासळीला जाणार आहे, तिथं काही बोलणार नाही. बघू किती जमतं.

तुमचं लग्न त्याच जहाजावर करायचं म्हणताय तर मी येईन. माझी केबिनही तूच बुक कर, म्हणजे कागद तुझ्याकडे येईल आणि माझ्याबद्दल कुणाला शंका राहणार नाही. त्या कंपनीचे शंभर शेअर माझ्याकडे आहेत, त्यामुळे भागधारकाची भेट म्हणून माझ्या खात्यात अडीचशे जमा होतील. तेही परत न मिळणारे. डेल्मरला सांग, अकरा फेऱ्या म्हणजे नवशिक्याचं काम. त्यानं तीन दिवस घातले, मी तीन मिनिटांत बाहेर पडेन. मशीनचं आतलं मला माहीत आहे.

नॉर्बी

—

ओकाला
रविवार, १४ एप्रिल

प्रिय नॉर्बी,

पाकीट डेल्मरनं उघडलं. सही तीन ठिकाणी हवी होती, तीन ठिकाणी आहे हे त्यानं दोनदा पाहिलं. मग बाहेर जाऊन उगाचच गाडी धुतली.

सगळं फुटलंच आहे तर फोटोही घे. जहाजावर चढताना काढला होता, आम्हा दोघांचा, एका लाकडी नांगराशेजारी. तुझ्या वाढदिवसाला पाठवणार होते. तीनशेतले तेवढेच मी खर्च केले. चोवीस सेंट कमी पडतील हे माझ्या लक्षात आलं नाही, नाहीतर खिशातून दिले असते.

तू वाईट नाहीस. तू मोठ्यानं चांगला आहेस.

मिशिगनच्या बाईला तुझा पत्ता दिलाय, नवऱ्याच्या टोमॅटोसाठी. तिची पत्रं ट्रेखाली घालू नकोस.

मार्सी

—

शबॉयगन
रविवार, १ डिसेंबर २०२४

प्रिय मार्सी, आणि आता म्हणे प्रिय डेल्मर,

सुखरूप घरी पोचलो. तिकडे तुम्ही अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात उभे राहून लग्न केलंत, इकडे खिडकीला आतून बर्फ आहे.

लग्न छान झालं. कप्तानाचा आवाज गेल्या आठवड्यात बसलेला असावा, ‘पती-पत्नी’ म्हणताना फाटला. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसेल. तुझा आवाज मात्र एकदाही तिरका झाला नाही, मार्सी. मी कान देऊनच होतो. डेल्मरनं एकूण सात शब्द उच्चारले, सातही कामाचे होते.

शुक्रवारी मासळीला सगळ्यांनी विचारलं, कॅसिनोत गेलास का? म्हटलं, गेलो आणि आलो. एकदाच बसलो, चाळीस सेंटांचा एक डाव, बटण दाबलं, चिठ्ठी घेतली, खिडकीवर दिली. तीन मिनिटं. कंपनीला वाटलं मी तिथं स्पा करीन, फोटो काढीन, दारू पिईन. मी आख्खे अडीचशे नगद बाहेर काढले आणि तेच पाकिटात घालून तुम्हाला लग्नाला दिले. हॅरिएट म्हणाली, नॉर्बर्ट, मशीनला फसवणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच बघतोय. मी म्हटलं, बघून घ्या.

डेल्मर, तू रागावू नकोस. तुझी पद्धतही वाईट नव्हती. सावकाश होती इतकंच.

तुमचा,
नॉर्बी

—

ओकाला
सोमवार, ९ डिसेंबर

प्रिय नॉर्बी,

तुझी केबिन मी बुक केली होती, म्हणून तुझ्या खात्याचा कागद इकडे आला. तूच तशी व्यवस्था केली होतीस. वाचनालयात छापून घेतला, इथं पानाला पंधरा सेंट घेतात.

कॅसिनो, एन. क्लेंप, गुरुवार. पंचवीस डॉलर, दहा वेळा. पहिली नोंद अकरा वाजून सोळा मिनिटांनी, दहावी बारा वाजून चार मिनिटांनी. पहिले पंचवीस गेले तेव्हा दुसरे का घातलेस, ते मी विचारत नाही. कंपनीची कपात साडेसात डॉलर, ती जमेत बसली नाही, माझ्या कार्डावर आली. ती मागणार नाही. तीन मिनिटांचं मी शुक्रवारच्या मंडळींना कळवणारही नाही.

आणि ते पाकीट. डेल्मरनं सवयीनं नोटा मोजल्या. बारा विसाच्या, एक दहाची, सगळ्या कोऱ्या, विसाच्या नोटांचे नंबर एकापुढे एक. खिडकीवरचा माणूस आम्हाला तेव्हा चुरगळलेल्या, बियरचा वास येणाऱ्या नोटा द्यायचा. नोटांच्या मध्ये बँकेची चिठ्ठी राहून गेली होती: शबॉयगन, मुख्य शाखा, अडीचशे डॉलर रोख काढले.

चिठ्ठीवर तारीख बारा नोव्हेंबर आहे. जहाज सतराला सुटलं.

मार्सी